नकरस : दुखणे थांबले, म्हणजे आजार गेला असे नाही

बकरी ईदचा तिसरा दिवस होता. घरात दोन दिवस कलेजी, गुर्दे, पाया, कोरमा यांची रेलचेल चाललेली. रात्री दोनच्या सुमारास मामूजान कण्हतच उठले. उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालभडक सुजला होता आणि हाताला गरम लागत होता. चादर नुसती टेकली तरी त्यांना सहन होईना. कोणी म्हणाले पाय मुरगळला, कोणी म्हणाले नजर लागली. हळदीचा लेप लावला. आठवड्याभरात दुखणे आपोआप थांबले आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

चूक नेमकी इथेच झाली. पुढच्या काही वर्षांत तोच त्रास पुन्हा पुन्हा झाला. अत्तहियातसाठी बसताना उजवे पाऊल उभे ठेवून बोटे वळवणे त्यांना जमेना आणि नमाज खुर्चीवर आली. मग कोणीतरी नाव नसलेल्या पुड्या आणून दिल्या. दोन दिवसांत आराम पडला, म्हणून त्या पुड्या महिनोन्महिने चालल्या. शेवटी तपासणी केली, तेव्हा साखर वाढलेली होती आणि किडनीवरही परिणाम झाला होता. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले असू शकते. आजाराचे नाव आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले : गाऊट. युनानी हकीम त्यालाच नकरस म्हणतात.

सांध्यात काय होते?

शरीरातल्या पेशी मोडतात आणि काही अन्न पचते, त्यातून युरिक अॅसिड तयार होते. किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. ते कमी बाहेर पडले, तर रक्तात साठते. प्रमाण साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिले की सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक जमू लागतात. हे वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. एखाद्या रात्री शरीर या स्फटिकांवर हल्ला चढवते, आणि झटका येतो तो हा.

म्हणून "आम्ही दारूला शिवत नाही, आम्हाला कसा होईल?" हा प्रश्न बरोबर नाही. दारूने हा आजार वाढतो हे खरे. पण आनुवंशिकता, किडनीचा आजार, लठ्ठपणा, रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांमुळेही तो होतो. पुरुषांत तो जास्त दिसतो. स्त्रियांत बहुधा पाळी गेल्यानंतर. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

ओळखायचे कसे?

अचानक, बहुतेकदा रात्री, एकच सांधा लाल, गरम आणि सुजलेला; अंगठा, घोटा किंवा गुडघा. झटक्याच्या वेळी रक्तातले युरिक अॅसिड नॉर्मलही येऊ शकते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. खात्रीची तपासणी म्हणजे सांध्यातले पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. वयस्कर माणसांचा गुडघा किंवा मनगट असेच सुजले, तर त्यात कॅल्शियमचे वेगळे स्फटिकही निघतात. त्याला स्यूडोगाऊट म्हणतात आणि त्यावर युरिक अॅसिडच्या गोळीचा उपयोग नसतो. सुजलेल्या सांध्याबरोबर ताप किंवा थंडी असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उपचार दोन, कामे वेगळी

पहिला उपचार झटक्याचा. त्यासाठी कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा थोडे दिवस स्टिरॉइड देतात. कोणते द्यायचे, हे किडनी, साखर आणि पोट पाहून डॉक्टर ठरवतात. कोल्चिसिन ज्या झाडापासून मिळते, त्याच जातीचे सुरंजान युनानी वैद्यकात सांधेदुखीवर शतकानुशतके वापरले गेले. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही. म्हणून सुरंजान आणून घरी कुटून खाणे धोक्याचे आहे.

दुसरा उपचार मुळावरचा. अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट युरिक अॅसिड कमी करतात. मात्रा थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, ध्येय 6 च्या खाली. तेवढे टिकले की जुने स्फटिक विरघळतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, तेव्हा "गोळीनेच दुखणे वाढले" म्हणून ती सोडू नये. अंगावर पुरळ उठले, तर मात्र गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते, रक्तदाबाच्या गोळीसारखी.

दस्तरखान आणि रोजा

कलेजी, गुर्दे, भेजा, तारली यांवर हात आखडता घ्यावा. साखरेचे सरबत आणि कोल्ड्रिंकही युरिक अॅसिड वाढवतात. डाळ, पालक, टोमॅटो सोडायची सहसा गरज नसते; दूध-दही चांगले. पण नुसत्या पथ्याने युरिक अॅसिड थोडेच उतरते, कारण त्यातला मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. कुर्बानीचे गोश्त खाण्याचा आनंद हिरावून घ्यायचा नाही. वाटा जरा छोटा ठेवायचा.

रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटावे. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते. इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यावे; किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, तर किती प्यायचे ते विचारून घ्यावे. झटका आला असेल, तर आजाऱ्याला दिलेली सवलत अल्लाहने दिलेली आहे. ती घेण्यात लाज कसली?

मामूजान आता रोज गोळी घेतात आणि ठरावीक काळाने तपासणी करतात. दोन वर्षांत झटका आलेला नाही. किडनीचे झालेले नुकसान भरून आले नाही, पण या ईदला ते सफेत आमच्याबरोबर जमिनीवर बसले. तुमच्या घरात कोणाचा अंगठा असा रात्री सुजून आपोआप बरा झाला असेल, तर तो बरा झाला असे समजू नका. या महिन्यातच एक तपासणी करून घ्या. दुआ आपण करतोच. दवाही वेळेवर करू या.