सोयाबीनचं घरचं बी उगवतं

मृग जवळ आला की कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठी सोयाबीनच्या पिशवीसाठी धावपळ सुरू होते. ‘घरचं बी उगवत नाही’ हा समज त्यामागे आहे, आणि तो शेतकऱ्याला दरवर्षी महागात पडतो. सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. त्यामुळे संकरित मक्यासारखं दर हंगामाला नवं बी घ्यावं लागत नाही. सरळ वाणाचं बी दोन-तीन वर्षं घरचं चालतं. उगवण जाते ती हाताळणीत. दाण्याची साल पातळ आणि कोंब तिच्या लगतच असतो. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती आदळली, ओलसर माल थप्पीला लावला, की दाणा टपोरा दिसतो पण आतला कोंब मेलेला असतो. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत. आठवडाभरात ७० किंवा जास्त उगवले तर बी खुशाल पेरावं. मात्र ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. चांगलं बीही खाली कुजतं.

‘तांबेरा आला की पीक गेलं’ हेही पूर्ण खरं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत हा रोग इथे येतोच. पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज (जि. सांगली) केंद्राने दिलेले फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे वाण त्याच्यापुढे चांगला तग धरतात. तरी पानामागची तपकिरी भुकटी शोधत शिवारात फिरणं सुटत नाही.

जमिनीचा कस सोयाबीन घालवतं की वाढवतं? मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र देतात, हे खरं. पण दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे बराचसा नत्र पोत्यांतून बाजारात जातो. भुसकट पेटवलं तर उरलेलाही जातो. ते रानातच कुजवायला हवं.

हीच प्रथिनं आपल्या ताटात मात्र क्वचित येतात. तेल काढल्यावर उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कच्चं सोयाबीन खरंच बाधतं, कारण त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. नीट शिजवल्यावर किंवा भाजल्यावर ते बरेचसे निष्प्रभ होतात. भाजून गव्हाबरोबर दळलेलं पीठ भाकरी-चपातीला उत्तम. ‘पुरुषांनी खाऊ नये’ ही भीतीही निराधार आहे. अनेक चाचण्यांच्या २०१० मधल्या एकत्रित विश्लेषणात पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे गोळी कमी शोषली जाते.