सोडलेल्या कराचा हिशेब

सरकारने कर कमी केला म्हणून सरकारचा खर्च कमी होत नाही. शाळा, रस्ते, पगार, निवृत्तिवेतन आणि जुन्या कर्जाचे व्याज ठरल्या दिवशी द्यावेच लागते. जमा घटली की ते पैसे दुसऱ्या करातून येतात, एखादे काम मागे पडते किंवा कर्ज वाढते. अर्थसंकल्पावरच्या जाहीर वादात मात्र करकपात, सरकारी योजना आणि कर्ज या तीन विषयांवर तीन वेगळ्या सभा भरल्यासारख्या चर्चा होतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच वहीतल्या नोंदी आहेत. बेळगावचे उद्यमबाग आणि निपाणीचा तंबाखूपट्टा या दोन ठिकाणी त्या शेजारीशेजारी वाचता येतात.

खानापूर रस्त्यालगतचे उद्यमबाग म्हणजे फौंड्र्या, मशीन शॉप आणि जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यांची वसाहत. पिग आयर्न आणि स्क्रॅप भट्टीत जाते, कास्टिंग होऊन बाहेर पडते आणि वाहनांचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे भाग बनून देशभर जाते. या वसाहतीला सरकारी खर्चाचा लाभही झालेला आहे. बेळगाव फौंड्री क्लस्टर केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून उभे राहिले. एकट्या छोट्या फौंड्रीला न परवडणाऱ्या सोयी सामाईकपणे मिळाव्यात, हा त्यामागचा विचार होता. कर भरणारा आणि करातून लाभ घेणारा एकच, हे इथे कागदावर दाखवता येते.

20 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून कंपनीकर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो 15 टक्के झाला. या निर्णयाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितले होते. उद्योगांना दिलेली मोठी सवलत म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण हा दर फक्त कंपन्यांसाठी होता. भागीदारी पेढीला 30 टक्क्यांचाच दर राहिला आणि एकट्या मालकाच्या धंद्यावर वैयक्तिक आयकराचे टप्पे लागू राहिले. छोट्या वर्कशॉपांची वस्ती बहुतांशी याच दोन प्रकारांत मोडते. पेढीची कंपनी करून घेण्याचा मार्ग मोकळा होता. मात्र कंपनीने कर भरून उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेताना त्यावर पुन्हा आयकर लागतो. त्यामुळे उद्योगाला मिळालेली सवलत उद्यमबागच्या बऱ्याच गाळ्यांच्या दारापर्यंत आलीच नाही.

कपातीचा परिणाम आकड्यांत दिसला. 2018-19 मध्ये केंद्राला कंपनीकरातून सुमारे 6.63 लाख कोटी रुपये मिळाले होते, ते पुढच्या वर्षी 5.57 लाख कोटींवर आले आणि कोविडच्या वर्षात आणखी घसरले. नंतर नफा वाढला तशी वसुलीही वाढली आणि 2023-24 मध्ये ती 9 लाख कोटींच्या पुढे गेली. त्याच वर्षी वैयक्तिक आयकराची वसुली मात्र 10 लाख कोटींच्या वर होती. कंपन्यांपेक्षा माणसे जास्त आयकर भरतात, अशी ही स्थिती आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीखाली 12 लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले आणि त्यासाठी केंद्राने सुमारे 1 लाख कोटींवर पाणी सोडले. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला उपयोगी पडली ती ही सवलत, सहा वर्षे उशिरा.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. वाहनांचे सुटे भाग 28 टक्क्यांवरून 18 वर आले, ट्रॅक्टर आणि त्याचे भाग 5 टक्क्यांवर. फौंड्रीच्या दृष्टीने याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. जीएसटी अखेर ग्राहक भरतो. कारखानदार मालावर भरलेला कर वजा करून उरलेला पुढे पाठवतो. म्हणून दर कमी झाला तरी त्याचा नफा आपोआप वाढत नाही. त्याला खरा त्रास असतो तो वेळेचा. माल आज गेला की कर पुढच्या महिन्यात भरावा लागतो, मोठ्या कंपनीकडून बिलाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. तोवर करापुरती रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटमधून जाते आणि तिच्यावर व्याज चढते. दर 28 वरून 18 वर आल्याने ही अडकणारी रक्कम घटली. ट्रॅक्टरच्या भागांत उलटे झाले. कच्चा माल 18 टक्के कर भरून घ्यायचा आणि तयार माल 5 टक्क्यांनी विकायचा, त्यामुळे जास्तीचा कर सरकारकडे साचतो आणि परताव्यासाठी थांबावे लागते. शेतकऱ्याला दिलेली सवलत तेवढ्या दिवसांपुरती छोट्या कारखानदाराच्या भांडवलातून दिली जाते. ती योग्यच आहे, पण परतावा वेळेवर मिळाला तरच.

या दरकपातीने केंद्र व राज्यांचे मिळून सुमारे 48 हजार कोटींचे उत्पन्न घटेल, असा केंद्राचा अंदाज होता. विरोधी पक्षांची सत्ता असलेल्या आठ राज्यांना तो मान्य नव्हता. खरी तूट कितीतरी मोठी असेल, म्हणून भरपाई द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या आठांत कर्नाटकही होते. दर कमी करायला त्यांचा विरोध नव्हता. कपातीचे श्रेय एकाला आणि तुटीचा भार दुसऱ्याला, यावर त्यांचा आक्षेप होता.

करकपात आणि कर्ज यांची गाठ निपाणीत जितकी उघड दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. जीएसटी 2017 मध्ये आला तेव्हा राज्यांच्या उत्पन्नात दरसाल 14 टक्के वाढ होईल, कमी पडल्यास केंद्र पाच वर्षे भरपाई देईल, असे वचन होते. ही भरपाई काही ठरावीक वस्तूंवरच्या उपकरातून व्हायची, त्यांत सिगारेट आणि चघळण्याची तंबाखू होती. कोविडमध्ये उपकर पुरेना. केंद्राने दोन वर्षांत मिळून सुमारे 2.69 लाख कोटींचे कर्ज काढून राज्यांना दिले आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत 2022 वरून मार्च 2026 पर्यंत वाढवली.

निपाणीत वळल्या जाणाऱ्या विडीवर हा उपकर नव्हता, पण 28 टक्के जीएसटी होता. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने तो 18 टक्के करायचा ठरवले आणि तेंदूच्या पानांवरचा 18 वरून 5 टक्के. इतर मालाचे दर 22 सप्टेंबरला उतरले. विडीचा उतरला नाही, कारण कोविडकाळातले ते कर्ज फिटेपर्यंत तंबाखूजन्य मालाचे जुने दर चालू ठेवण्याचा निर्णय झाला आणि विडी त्याच गटात धरली गेली. नवे दर लागू झाले 1 फेब्रुवारी 2026 पासून. त्याच वेळी सिगारेट व चघळण्याच्या तंबाखूवर 40 टक्के जीएसटी आणि वाढीव उत्पादनशुल्क आले. आरोग्याच्या दृष्टीने तंबाखूवर जड कर असायलाच हवा. तरी कोविडकाळात सर्व राज्यांसाठी घेतलेल्या कर्जापायी निपाणीच्या विडीवरचा दर 2026 पर्यंत अडून राहिला, एवढे नोंदवायलाच हवे. विड्या वळणाऱ्या बायकांना त्या कर्जाबद्दल कोणी विचारले नव्हते.

करकपातीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्नही या भागाला जुना आहे. 1979 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंग यांनी कच्च्या तंबाखूवरचे उत्पादनशुल्क काढून टाकले. शेतकऱ्यामागचा अबकारी खात्याचा जाच संपला. भावाचा प्रश्न मात्र संपला नाही. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. खरेदीदार थोडे आणि विकणारे पुष्कळ असतील, तर कमी झालेला कर भावात उतरेलच याची खात्री नसते.

राज्याच्या अर्थसंकल्पात वादाचा रोख खर्चाकडे वळतो. कर्नाटकात 2023 मध्ये काँग्रेसचे सरकार आले आणि पाच हमी योजना सुरू झाल्या. त्यांत गृहलक्ष्मीतून कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला 2,000 रुपये, गृहज्योतीतून 200 युनिटपर्यंत मोफत वीज आणि शक्ती योजनेतून महिलांना मोफत बसप्रवास मिळतो. 2025-26 साठी या पाच योजनांना 51 हजार कोटींची तरतूद झाली. त्या वर्षीचा अर्थसंकल्प 4 लाख 9 हजार 549 कोटींचा होता. म्हणजे दर आठ रुपयांतला एक रुपया हमी योजनांचा.

निपाणीहून कागलकडे निघाले की थोड्याच अंतरावर दुसरे राज्य, महाराष्ट्र, सुरू होते. तिथे लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये जुलै 2024 पासून मिळतात, एसटीचे महिलांना अर्धे तिकीट आहे. दोन सख्ख्या बहिणी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे दिल्या असतील तर एकीला दोन हजार, दुसरीला दीड हजार. या पैशाला नुसती उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. ते पैसे वाणसामान, औषध, शाळेची फी यांवर खर्च होतात आणि गावच्या बाजारातच फिरतात. पण त्यांचा भार हिशेबात दिसतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार कर्नाटकची राजकोषीय तूट 2022-23 मधल्या 46,623 कोटींवरून पुढच्या वर्षी 65,522 कोटींवर गेली आणि पायाभूत कामांवरचा भांडवली खर्च 5 हजार कोटींहून अधिक घटला. उद्यमबागला चांगला रस्ता आणि खात्रीची वीज लागते. ती कामे याच खात्यातून व्हायची असतात.

कर्नाटकाने 2002 मध्ये वित्तीय जबाबदारी कायदा केला, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांत आणि एकूण देणी 25 टक्क्यांत ठेवण्याचे बंधन त्यात आहे. 2025-26 च्या अंदाजात तूट 2.95 टक्के आणि देणी 24.91 टक्के होती. दोन्ही आकडे कायद्यात बसतात, पण अगदी कडेला. महाराष्ट्राचे कर्ज त्याच वर्षी 9.32 लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता. अर्थव्यवस्थेच्या मानाने ते कर्नाटकापेक्षा कमी भरते, मात्र महाराष्ट्राची महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चालाच कमी पडणारी रक्कम, 45 हजार कोटींहून अधिक, म्हणजे कर्नाटकापेक्षा जास्त होती. केवळ कर्जाचा आकडा पाहून कुठले राज्य बुडाले आणि कुठले तरले हे ठरवता येत नाही.

राज्यांच्या हातात स्वतःचे कर थोडे उरले आहेत: पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहने. पैसा कमी पडला की हात तिकडेच जातो. जून 2024 मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 वरून 29.84 टक्के केला आणि लिटरमागे पेट्रोल 3 रुपयांनी महागले. एप्रिल 2025 मध्ये डिझेलचाही कर पुन्हा वाढला. मोफत बसने जाणाऱ्या बाईच्या घरी येणारी भाजी त्याच डिझेलवर येते. हा कर सर्वांना सारखा लागतो, म्हणून गरिबाला जड जातो.

कर्नाटक सरकारचे उत्तर केंद्राकडे बोट दाखवते आणि त्यात तथ्य आहे. राज्यांना वाटल्या जाणाऱ्या केंद्रीय करांत कर्नाटकाचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाने 4.713 टक्के ठरवला होता, पंधराव्याने तो 3.647 टक्क्यांवर आणला. शिवाय उपकर आणि अधिभार वाटणीत येतच नाहीत. ‘माझा कर, माझा हक्क’ म्हणत मुख्यमंत्री सिद्धरामय्या आणि त्यांचे मंत्री 7 फेब्रुवारी 2024 रोजी दिल्लीत जंतरमंतरवर बसले. मात्र हाच न्याय राज्याच्या आत लावला तर बंगळूरही बेळगावला तसेच म्हणू शकेल. श्रीमंत भागाचा पैसा मागे राहिलेल्या भागाकडे जाणे हा संघराज्याचा गाभा आहे. किती जावा यावर वाद असावा, जावा की नाही यावर नसावा.

सरकारला उसने देणारे कोण, याची चर्चा फारच कमी होते. भारत सरकारच्या कर्जात परदेशी वाटा अगदी थोडा आहे. बहुतेक रोखे बँका, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी घेतात. नागरी सहकारी बँकांनाही ठेवींचा 18 टक्के भाग मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणे बंधनकारक आहे. बेळगाव-निपाणीतल्या कोणत्याही सहकारी बँकेत मुदत ठेव ठेवणारा माणूस त्या मापाने सरकारचा सावकार असतो. म्हणून घरच्या कर्जाशी सरकारी कर्जाची तुलना अर्धीच पटते: या व्याजाचा मोठा भाग देशातच राहतो. पण तो करदात्याकडून ठेवीदाराकडे जातो, आणि ज्याच्याकडे ठेव नाही त्याला कर तेवढा लागतो. 2025-26 मध्ये केंद्राच्या 50.65 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात व्याजासाठी 12.76 लाख कोटी होते, म्हणजे चौथा हिस्सा. सरकारने बाजारातून जास्त उचलले की फौंड्रीच्या कॅश क्रेडिटचा दरही उतरायला वेळ लागतो.

यावरून एक निवाडा करता येतो. कंपनीकरातली कपात आणि गृहलक्ष्मीचे दोन हजार यांना एकच कसोटी लावली पाहिजे: पैसा कोणाला मिळाला, त्यातून काय उभे राहिले आणि तूट कोणी भरून काढली. योजनेचा खर्च अर्थसंकल्पात ठळक दिसतो म्हणून त्याच्यावर टीका होते. सोडलेला कर केंद्राच्या अर्थसंकल्पासोबतच्या परिशिष्टात असतो, ते क्वचितच कोणी उघडते.

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते आणि पुरवणी मागण्या अनेकदा तिथेच येतात. अर्थसंकल्पासोबत सरकार मध्यम मुदतीचा वित्तीय आराखडाही मांडते. त्यात पुढच्या वर्षांच्या तुटीचे, कर्जाचे आणि व्याजाचे अंदाज असतात. बेळगाव आणि निपाणीच्या व्यापारी संघटना, कामगार संघटना आणि सहकारी बँकांच्या संचालकांनी तो वाचावा आणि आपल्या आमदाराला त्यातले आकडे पुढे ठेवून प्रश्न विचारावेत.