नितळ पाणी निर्धोक असतेच असे नाही
खालापूर तालुक्यात कुंभिवलीच्या परिसरात, खोपोली ते रसायनी या पट्ट्यात, गावे आणि कारखाने शेजारी-शेजारी आहेत. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आवारात साधारणतः ९० दिवसच साठवता येतो. पुढे तो तळोज्यासारख्या विल्हेवाट केंद्रात जायला हवा. उघड्यावर टाकला, तर पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील रसायने जमिनीत झिरपतात आणि विहिरी, बोअरवेलपर्यंत पोहोचू शकतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. शिसे, क्रोमियम मात्र जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते.

मग दाद कुठे मागायची? सुरुवात गावातूनच करा. घरात कोणाला त्वचेचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा; धातूंची तपासणी आवर्जून मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार कारखान्याने घातक कचऱ्याची माहिती फाटकाबाहेरील फलकावर लावायची असते. तो फलक वाचा, फोटो काढा. मग तारखांसह तक्रार, ग्रामसभेच्या ठरावासोबत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या. अहवाल येईपर्यंत संशयित पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास वापरू नका.