साडेपाच लाख पौंड आणि न छापलेली नोटीस

श्रूजबरी हे सेव्हर्न नदीच्या वेढ्यात वसलेलं इंग्लंडमधलं जुनं गाव, चार्ल्स डार्विनचं जन्मगाव. १९२६ साली तिथल्या नगरपालिकेनं ग्रीनफील्ड्सची जमीन घेतली आणि ती लोकांना खेळायला-फिरायला मिळाली. दुसऱ्या महायुद्धात मैदानाच्या एका तुकड्याला कुंपण पडलं, कारण अन्नटंचाईत तिथे भाजीपाला पिकवायचा होता. पुढे तिथे रोपवाटिका झाली, मग तीही बंद पडली. कुंपण मात्र राहिलं. दरम्यान १९७४ आणि २००९ साली स्थानिक कारभाराची फेररचना झाली, दप्तर एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, आणि हा तुकडा मुळात मैदानाचाच हे पालिका विसरली.

२०१७ साली नव्या नगर परिषदेनं तो एका बिल्डरला साडेपाच लाख पौंडांना विकला. पुढच्या वर्षी काउंटीचा कारभार पाहणाऱ्या श्रॉपशायर कौन्सिलनं तिथे पंधरा घरं बांधायला परवानगीही देऊन टाकली.

यात कुणी टेबलाखालून काही घेतलं, असा मुद्दाच नव्हता. होती ती निव्वळ बेफिकिरी. पैसे खाल्ले असते तर माणूस पकडता येतो. कागद न वाचल्याबद्दल कुणाला आणि कशाखाली पकडणार?

पकडायला एक जुनी तरतूद कामी आली. इंग्लंडात अशा मैदानांवर पालिकेची मालकी असते ती विश्वस्ताच्या नात्यानं. उपभोगाचा हक्क जनतेचा. पालिकेला जमीन विकता येते, पण १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार आधी स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहीर नोटीस द्यावी लागते आणि आलेल्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. विचारात घ्यायच्या, मान्य करायच्या असं नव्हे! वाचताना तरतूद अगदीच दातपडकी वाटते. तिचं खरं काम वेगळं आहे. नोटीस निघून हे सोपस्कार पुरे झाले तर विक्रीबरोबर जनतेचा हक्क संपतो आणि घेणाऱ्याला जमीन मोकळी मिळते. श्रूजबरीत नोटीस निघालीच नाही.

दुसरीकडे तोच कायदा खरेदीदाराला अभय देतो: नोटीस नसली म्हणून व्यवहार रद्द होत नाही, आणि त्यानं चौकशी करायचीही गरज नाही. तेव्हा प्रश्न उरला तो असा, की व्यवहार टिकला तर जनतेचा हक्क कुठे गेला? बांधकाम परवानगीला आव्हान देणारा स्थानिक रहिवासी हायकोर्टात हरला, अपील कोर्टातही हरला. १ मार्च २०२३ रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल फिरवला. निकालपत्र लेडी रोझ यांचं. जमीन बिल्डरची, हे कोर्टानं मान्य केलं. पण जनतेचा हक्क तिच्यावर तसाच कायम आहे, आणि परवानगी देताना तो विचारात घेतला नाही म्हणून परवानगी रद्द. सातबारा एकाचा आणि वहिवाट गावाची, अशातला हा प्रकार. मला तर हा निकाल फार हुशार वाटतो. त्यानं घेणाऱ्याचं खरेदीखत फाडलं नाही, पण पालिकेच्या चुकीची भरपाई लोकांच्या मैदानातूनही केली नाही.

खंत एवढीच, की पालिका कोर्टात लढते ती करदात्यांच्याच पैशानं.

आपल्याकडेही असा धडा आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, हेही सांगितलं. महाराष्ट्रात विकास आराखड्यातलं क्रीडांगणाचं आरक्षण बदलायचं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत एक महिना.

हा महिना कसा जातो, ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पाहावं. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ या थाटाचा मजकूर, खाली सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये. आपली पोरं रोज संध्याकाळी स्टंप ठोकतात ती हीच जागा, हे त्या आकड्यांवरून ओळखायचं तर विकास आराखड्याचा नकाशा शेजारी उघडून बसावं लागतं. तो नकाशा पाहायला मिळतो महापालिकेच्या नगररचना विभागात, कार्यालयीन वेळेत.