दंडाच्या पावतीपासून वारसनोंदीपर्यंत

नवापूरच्या तहसील कचेरीत गेली पन्नास वर्षे लोक जे प्रश्न घेऊन येतात, त्यांची मुळे तीनच: जमीन कोणाची, मजुरी कोण देणार आणि माणूस गेल्यावर नाव कोणाचे लागणार. कायदे बदलले. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला आणि धुळ्याचे हेलपाटे थांबून नंदुरबारचे सुरू झाले. पण ज्याच्यापाशी कागद नाही, त्यालाच आधी कागद मागायचा, ही रीत काही मोडली नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यातल्याच शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने हातच्या गेलेल्या आदिवासी जमिनींचा प्रश्न रस्त्यावर आणला. पुढे राज्याने कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन मूळ मालकाला परत द्यायची. त्याची अंमलबजावणी १ नोव्हेंबर १९७५ पासून सुरू झाली आणि डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. यात कलेक्टरला आपणहून प्रकरण उघडता येत होते, म्हणजे निरक्षर माणसाने दारोदार फिरायची गरज नव्हती. मात्र परत घेणाऱ्याने जमीन स्वतः कसायची आणि ठरलेली रक्कम भरायची, ही अट होती. ज्याची जमीन कर्जापायी गेली, त्याने पैसे कुठून आणायचे?

आजही लोक विचारतात, ‘स्टँपवर लिहून, नोटरी करून जमीन कसायला दिली तर चालेल ना?’ नाही चालत. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाड्याने किंवा गहाण द्यायलाही कलेक्टरची आगाऊ मंजुरी लागते, तीही पाच वर्षांपुरतीच. विक्रीला त्यावर सरकारची मान्यता हवी. नोटरीचा शिक्का या मंजुरीची जागा घेत नाही. हे स्टँप विकणाऱ्यालाही ठाऊक असते. तो सांगत नाही, इतकेच.

खरी गंमत फॉरेस्ट प्लॉटची. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्याला वनखाते अतिक्रमणदार म्हणे. गार्ड यायचा, नांगर उचलून न्यायचा, दंड लावायचा. त्या दंडाच्या पावत्या काहींनी फाडून टाकल्या, काहींनी पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवल्या. २००६ चा वनहक्क कायदा आला, पाठोपाठ २००८ चे नियम आले आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवायची वेळ आली. तेव्हा पेटीतली पावती सोन्याच्या मोलाची ठरली. गुन्हा म्हणून हातात दिलेली पावतीच ताब्याचा सरकारी पुरावा झाली. जपून ठेवणारे शहाणे ठरले, आणि इमानदारीने दंड भरून पावती फेकणारे अडकले.

तेही कायमचे अडकायला नको होते. नियम १३ मध्ये गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब हा पुरावा आहे; घर, विहीर, बांध, पूर्वजांची थडगी या खुणाही चालतात. एकाहून अधिक पुरावे असले की पुरे. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. पण वर जाता जाता फाइलीतला म्हाताऱ्याचा जबाब हलका होत गेला आणि नकाशा जड. दावा का फेटाळला, हे दावेदाराला लेखी कळवायला हवे. ते न कळवताच गठ्ठ्याने दावे बाजूला पडले, ही तक्रार राज्यभरच्या आदिवासी पट्ट्यातून आली. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला तेव्हा गावोगाव धडकी भरली. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. पुढे मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निकालावर विभागीय समितीकडे अपील करायची वाट उघडली. वनपट्टा विकता येत नाही, वारसाला मात्र मिळतो, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. आपल्याकडच्या किती सातबाऱ्यांवर बाईचे नाव पहिल्या दिवसापासून असते?

दुसरा प्रश्न मजुरीचा. दिवाळी झाली की ट्रक भरून माणसे गुजरातमधल्या बारडोली, मढी, चलथाणच्या उसाला जातात. दोन माणसांचा एक कोयता. मुकादम खावटी देतो, अंगठा घेतो, हिशेब हंगामाच्या शेवटी. गुजरातने २०२३ मध्ये तोडणीचा दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, पण वही मुकादमाच्या खिशात असेल तर वाढ समजणार कशी? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात फोटोसह पासबुक आणि प्रवासभत्ता होता. त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. तक्रार महाराष्ट्रात करायची की गुजरातेत, हा घोळ कायम. नवापूरचे रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेले, तिथे हा घोळ नवा नाही. गुन्ह्याची फिर्याद तरी आता हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही.

मजुरी बुडायला परराज्यातच जावे लागते असेही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. मारलेल्या पक्ष्याला भरपाईचा दर ठरला होता. पोल्ट्रीच्या शेडमध्ये दाणा-पाणी करणाऱ्याची रोजंदारी बुडाली, तिला दरच नव्हता.

उरला घरातला प्रश्न, जो सर्वांत कमी वेळा कोर्टात येतो. हिंदू वारसा कायदा आणि हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. दोन्हीकडे कलम २(२) आडवे येते. मावची, कोकणा, भिल्ल घरांत रूढी चालते, फारकतही पंचांसमोर होते. म्हणून बाप गेल्यावर मुलीला हिस्सा विचारला की ‘आपल्यात तसं नाही’ एवढ्यावर बोलणे संपते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसताना केवळ बाई म्हणून हिस्सा नाकारता येणार नाही, असे ठरवले. आता ‘आपल्यात तसं नाही’ म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करून दाखवावे लागेल. तलाठ्याकडे वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. भाऊ अर्ज लिहीत असतील तर त्यात आपले नाव आहे का, हे बहिणीने स्वतः जाऊन बघावे. वकील लागलाच तर अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला तो उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा, किंवा १५१०० ला फोन.