१-०-१ च्या मधल्या वेळा

थायरॉईडच्या पाठीला चिकटून साधारण पाच-सहा मिलिमीटरच्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम राखणं हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेनला त्या दिसल्या. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन इव्हार सांडस्ट्रॉमने १८८० मध्ये छापलं. थायरॉईड काढताना सर्जन त्यांना जपतात, पण त्यांचा रक्तपुरवठा इतका नाजूक असतो, की त्या काही दिवस, कधी काही महिने गप्प बसू शकतात. मग कॅल्शियम घसरतं, आणि ते सर्वांत खाली जातं शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत.

सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीच्या गळ्यातल्या गाठी वाढल्या म्हणून पूर्ण थायरॉईड काढली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ओठांना चुना लागल्यासारखं चुणचुणतंय गं." राउंडवरच्या डॉक्टरांनी तिच्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, तर ओठाचा कोपरा आपोआप उडाला. तेवढ्यावरून कॅल्शियम घसरल्याचा अंदाज आला, रक्ताचा रिपोर्ट नंतर. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, अगदी सावकाश, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून.

तिथवरचं सगळं हॉस्पिटलचं काम. घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलावर आलं.

काढलेल्या थायरॉईडच्या जागी आता थायरॉक्सिनची गोळी, ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम दिवसातून तीनदा. ही दोन्ही पोटात एकत्र आली, की कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही, म्हणून दोन्हींत चार तास ठेवायचे. त्यात मावशीची आधीपासूनची ॲसिडिटीची गोळी, तीही 'रिकाम्या पोटी', आणि रक्त कमी म्हणून लोहाची. लोहही थायरॉक्सिनपासून चार तास लांब हवं, शिवाय कॅल्शियमपासूनही बाजूला. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. मात्र तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणीच पाहिल्या नव्हत्या, आणि १-०-१ अशा लिखाणात चार तास कुठे मावणार?

कॅल्शियमच्या पट्टीमागची बारीक अक्षरं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषलं जातं, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊन मोकळं होता येत नाही. पट्टीवर हे कॅल्शियम शिंपल्यांपासून केल्याचं छापलेलं. चातुर्मास पाळणाऱ्या मावशीला ते मी आजतागायत सांगितलेलं नाही. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, ते जेवणाबरोबर घ्यायचं. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तिथेच खोट. थायरॉक्सिनच्या शोषणालाही ती गोळी आडवी येऊ शकते. हे सगळं कागदावर मांडून विचारल्यावर डॉक्टरांनी कार्बोनेट बदलून सायट्रेट दिलं. त्याला आम्लाची तेवढी गरज नसते, पण वजनाच्या मानाने कॅल्शियम कमी, साधारण २१ टक्के, म्हणजे गोळ्या वाढल्या. सोबत कॅल्सिट्रिऑल, कारण पॅराथायरॉईड गप्प असताना मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं हे कामाचं रूप पुरेसं तयार होत नाही आणि आतड्यातून कॅल्शियम नीट उचललं जात नाही.

वेळा ठरल्या त्या अशा: पहाटे साडेपाचला थायरॉक्सिन, साडेसहाला चहा. कॅल्शियम साडेदहाला, दुपारी जेवताना आणि रात्री जेवताना. लोह दुपारी चारच्या पुढे, लिंबूपाण्याबरोबर. खरं भांडण झालं चहावरून. उठल्याउठल्या चहा हा मावशीचा पन्नास वर्षांचा हक्क. दुधाच्या चहाने गोळीचं शोषण कमी होतं, हे तिला पटलं नाही; एक तास आधी उठायला मात्र ती तयार झाली. एकादशीला जेवणच नसतं, त्या दिवशी कॅल्शियम साबुदाण्याच्या खिचडीबरोबर. कुणी तिला नाचणीचं सत्त्व सुचवलं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, खावं जरूर, पण पॅराथायरॉईड बंद असताना तेवढ्याने भागत नाही.

थायरॉक्सिन अंगात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून डोस बदलला की तो बरोबर बसला का हे सांगणारं टीएसएच सहा-आठ आठवड्यांनीच तपासतात. कॅल्शियमची तपासणी सुरुवातीला वरचेवर. ते फार वाढलं तर लघवीतून जाऊन खडे होऊ शकतात, कमी पडलं तर पुन्हा चुणचुण, त्यामुळे बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत आणि मुंग्या आल्या म्हणून मनाने वाढवायच्याही नाहीत. मावशीचा दुपारचा डोस आता कमी झाला आहे. मध्यंतरी लघवीच्या जंतुसंसर्गावर तिला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या केमिस्टनेच पिशवी हातात देण्याआधी विचारलं, "आजी, कॅल्शियम चालू आहे ना? मग या गोळीआधी डॉक्टरांना वेळ विचारा, ही पण त्याच्याबरोबर चालत नाही."