गिझरचा थर्मोस्टॅट आणि निळ्या तारेचा घोटाळा

थंडीची चाहूल लागली की घरोघरच्या गिझरचे दुखणे बाहेर येते. कुठे पाणी कोमटच राहते, कुठे नळातून वाफ येऊ लागते. ‘थर्मोस्टॅट गेला’ असे निदान होते आणि नवा भाग आणला जातो. तो बसवणे वरवर पाहता अगदी सोपे असते. झाकण काढायचे, जुन्या भागाच्या तारा सोडवायच्या आणि नव्याला जोडायच्या. मात्र या कामात झालेली एक चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. कारण तारा उलट जोडल्या गेल्या तरी पाणी तापतेच!

चुकीचे मूळ आहे तारांच्या रंगांत. आपल्याकडे भिंतीतील वायरिंगमध्ये परंपरेने लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. पुरवठा तीन फेजचा असेल तर फेजसाठी लाल, पिवळा आणि निळा असे तीन रंग वापरले जातात. उपकरणाच्या केबलमध्ये मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची, असा संकेत आहे. म्हणजे भिंतीतून आलेली निळी तार फेजची असू शकते, तर गिझरची निळी तार न्यूट्रलची. प्लग न वापरता तारा थेट जोडल्या जातात तेव्हा निळ्याला निळी जोडणारा हात नेमका येथे फसतो.

गिझरमध्ये साधारणतः फेजची तार आधी थर्मल कट-आऊटमध्ये, तेथून थर्मोस्टॅटमध्ये आणि मग कॉइलला जाते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट फेज तोडतो. तारा उलट असतील तर तो न्यूट्रल तोडतो. पाणी तापणे थांबते, परंतु कॉइलमध्ये फेज तसाच राहतो. खाऱ्या पाण्याने कॉइलच्या नळीला तडा गेलेला असेल आणि अर्थिंगही कमकुवत असेल, तर वीज पाण्यात उतरते. अशा वेळी बटण चालू ठेवून अंघोळ करणे जिवावर बेतू शकते.

म्हणून रंगावर विश्वास न ठेवता भिंतीतील फेजची तार टेस्टरने ओळखून तिच्यावर खूण करावी. त्यानंतर बोर्डावरचा एमसीबी बंद करावा. केवळ न्हाणीघराचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असू शकते. वीज खरोखर गेली आहे याची टेस्टरने पुन्हा खात्री करून मगच झाकण उघडावे. जुन्या जोडणीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. अर्थात, ज्याला या कामाचा सराव नाही त्याने परवानाधारक वायरमनलाच बोलवावे आणि शेजारी उभे राहून फेज कुठे जोडला, हे विचारावे.

पुष्कळदा दोष थर्मोस्टॅटचा नसतोच. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर वीज ओढतो. एखादा स्क्रू सैल असला तरी तेथील टोक तापून काळे पडते. वीज बंद असताना, तारा सोडवून, मल्टिमीटरने मोजल्यास अशा गिझरच्या चांगल्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास भरतो. तेवढा मिळाला तर कॉइल शाबूत आहे असे समजून आधी सांधे तपासावेत.

काही कारागीर नवा भाग हाताशी नसला की थर्मोस्टॅट वा कट-आऊट वगळून तारा ‘डायरेक्ट’ करून देतात. दोन दिवसांची म्हणून केलेली ही सोय दोन वर्षे तशीच राहते. टाकीतील पाणी मग उकळत राहते आणि वाफेचा दाब रोखण्याची सारी भिस्त एका झडपेवर येते. तीही क्षारांनी जाम झालेली असू शकते.

काम झाल्यावर टाकी पूर्ण भरून, गरम पाण्याच्या नळातून धार येऊ लागल्यावरच वीज सुरू करावी. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर तो बदलेपर्यंत गिझर बंदच ठेवावा.